सहीची जागा

सप्टेंबर अर्धा सरला होता आणि ओर्विनोच्या शिवारात द्राक्षं जमिनीवर पडून होती. पडून म्हणजे मुद्दाम पाडून. मांडवाच्या दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरायचे, त्यांवर घड पसरायचे आणि वीस दिवस ऊन खाऊ द्यायचं, की झाला बेदाणा. या वीस दिवसांत आभाळानं एकच काम करायचं असतं, गप्प बसायचं. यंदा ते गप्प बसेना. रविवारी दुपारी पश्चिमेकडे पांढरट काहीतरी चढू लागलं आणि लाउरो मुकादम गाडीच्या पायरीवर उभा राहून ओरडायला लागला.

"बुधवारी रात्री पाऊस सांगितलाय! बुधवारच्या संध्याकाळपर्यंत एकूण एक कागद गुंडाळलेला पाहिजे. कुणाची आई मरो नाहीतर बायको बाळंत होवो, ओळ सोडायची नाही. सोडली, तर परत यायचे कष्ट घेऊ नका." मग त्याची नजर फिदेन्सियोवर आली. "काय वाहाकिता, कळली ना स्पॅनिश? की तुझ्या डोंगरातल्या बोलीत सांगू?"

टोळी हसली. सरहद्दीपलीकडच्या वाहाकाच्या डोंगरातून आलेल्या बुटक्या माणसांना हसायची चाल जुनीच आहे. तिकडच्या मिश्तेक लोकांची बोली वेगळी, अंगकाठी वेगळी, आणि मुकादम तिकडच्याच पण दुसऱ्या प्रांतातला, मिचोआकानचा, सहा फुटी.

"कळली, मुकादम," फिदेन्सियो म्हणाला आणि पुन्हा गुडघ्यावर बसला.

कागद गुंडाळायचा म्हणजे दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि अळूच्या वडीसारखी सुरळी करून उताराकडे तोंड करून ठेवायची. एक कागद कुणीही गुंडाळेल. दीडशे झाल्यावर कंबर आपली राहत नाही. हातांना साखरेचा चिकटा, चिकट्यावर माती, मातीवर गांधीलमाशा. फिदेन्सियो पुढे, त्याची बायको एर्मिनिया मागे, आणि रविवार म्हणून शेजारच्या ओळीत त्यांची एकुलती एक पोर, नेरेइदा. तोंडाला फडकं बांधलेलं, फक्त डोळे दिसत होते. बारावीत होती.

"ताता," ती मांडवाखालून वाकून म्हणाली, "बुधवारी तुम्हाला शाळेत यायचंय."

"बुधवारी? आत्ता तो काय बोंबलून गेला, ऐकलंस ना?"

"ऐकलं. मिस सालगादोंना मी म्हटलं, बेदाण्याचे दिवस आहेत. पण वेळापत्रक बदलायची मुदत बुधवारीच संपते म्हणे."

"मग तू कर काय करायचं ते. आपले सगळे कागद तूच तर बघतेस."

"या वेळी मी नको म्हणाल्या. तुम्हीच. एकट्यानं."

फिदेन्सियोचा हात कागदाच्या कडेवर थांबला. एकट्यानं? दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला शाळा एकट्यानं कशाला बोलावते? विजेचं बिल, दवाखान्याचं पत्र, मालकाची नोटीस, सातव्या वर्षापासून ही पोर वाचून दाखवत आली होती, आणि तेही नकला करत. विजेच्या बिलाचा आवाज ती जाड काढायची, दवाखान्याचा नाकातून.

"रसायनाच्या वर्गाचं असेल," नेरेइदा म्हणाली. आवाजातली आशा फडक्यातूनही लपत नव्हती. "मी अर्ज केलाय. देवा, त्या इंग्रजीच्या वर्गातून सोडवतील तर बरं. रोज दोन तास, ताता! ग्वातेमालाहून गेल्या महिन्यात आलेली पोरं, येमेनची दोन पोरं, आणि मी. बाई चित्र दाखवतात, 'हे काय?' मी म्हणते, बादली. बाई म्हणतात, शाब्बास."

"तू तर झोपेतसुद्धा इंग्रजी बडबडतेस," एर्मिनिया म्हणाली.

"झोपेतली धरत नाहीत, माय. परीक्षेतली धरतात. परीक्षेत माझं काहीतरी कच्चं राहतं." थोडा वेळ ती गुंडाळत राहिली. "नववीत विचारलं होतं मी कचेरीत. म्हणाले, तुझा कागद आलेला नाही, तोवर आहेस तिथंच बस. मी तुम्हालाही विचारलं होतं ना, काही पत्र आलंय का?"

"हं," फिदेन्सियो म्हणाला, आणि पुढचा कागद ओढला.

नेरेइदाला काय हवं होतं ते सगळ्या टोळीला ठाऊक होतं, कारण ती कुणालाही पकडून सांगायची. ओर्विनोत नळाचं पाणी कुणी पीत नाही. अंगावर पुरळ येतं, म्हाताऱ्यांची पोटं बिघडतात, आणि पिण्याचं पाणी जारनं आणावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तिनं नळाचं पाणी काचेच्या बरणीत घालून ट्रेलरच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, खिडकीत ठेवलं. पाणी उडून गेलं, तळाशी पिवळट खपली उरली. बरणी अजून तिथंच होती. "यात काय आहे ते मला शिकायचंय," एवढंच तिचं म्हणणं. ते शिकवणारं सरकारी विद्यापीठ डोंगरापलीकडे समुद्राकाठी होतं, आणि तिथं शिरायला रसायन लागत होतं.

बुधवारी अकरा वाजता फिदेन्सियोनं ओळ सोडली.

"मुकादम, तासाभरात येतो. पोरीच्या शाळेत बोलावलंय."

"तासाभरानं ये की महिन्यानं," लाउरो म्हणाला. "ए सेव्हेरो! याची ओळ घे रे. साहेबांना शाळा शिकायचीय."

शाळेच्या कचेरीत गारवा इतका होता की अंगावरचा घाम गारठल्यासारखा झाला. फिदेन्सियो दारापाशीच उभा राहिला. बुटांची माती फरशीवर पडत होती. समोरच्या भिंतीवर मोठा फलक होता, नुसते रकाने आणि आकडे. अक्षरं त्याला लागत नसत, आकडे लागत. चौऱ्याण्णव. एक्याण्णव. एकोणतीस. अकरा. एकोणतीसच्या पुढे वर तोंड केलेला हिरवा बाण होता.

"नेरेइदाचे वडील?" मोठे गुरुजी, मिस्टर हॅगन, मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले आणि त्याचा चिकट हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. माणूस मनानं चांगला. त्यांनी फलकाकडे बोट केलं. शंभरांत चौऱ्याण्णव लॅटिनो, शंभरांत एक्याण्णव गरिबाघरचे, एकोणतीस इंग्रजी शिकणारे, अकरा मजुरीपायी गावं बदलणाऱ्यांचे. "आणि या एकोणतीसांच्या गुणांचा बाण आधी खाली होता. आता वर आला. तुमच्या मुलीसारख्यांच्या गुणांमुळं. सरकारनं पत्र पाठवून कौतुक केलंय!"

फिदेन्सियोनं टोपी काढली. "उपकार तुमचे, गुरुजी." छाती फुगली त्याची, खोटं कशाला सांगा. वाटलं, एवढं सांगायलाच बोलावलं असेल.

मिस सालगादो ऑगस्टातच नव्यानं आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेर असतील. पोरांच्या पुढच्या शिक्षणाचं बघणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"बसा ना, काका."

"खुर्ची घाण होईल, मिस."

"होऊ द्या. माझी आई असल्याच हातांनी शाळेत यायची."

तो कडेवर बसला. त्यांनी टेबलावर तीन कागद मांडले. "ही आम्ही तुमच्या घरी पाठवलेल्या पत्रांची नक्कल आहे. मिळाली होती का ही?"

वाचता येत नसलं तरी कागदाचा चेहरा माणूस विसरत नाही. वर द्राक्षाच्या घडाचं चिन्ह. मधे त्याच्या पोरीचं नाव. खाली आडवी रेघ, सहीची जागा. पत्रपेटी मोडकी आहे, कुत्र्यानं फाडली, असं म्हणता आलं असतं. लोक म्हणतात.

"मिळाली," तो म्हणाला.

"काका, यात लिहिलंय की नेरेइदा आठवीतच इंग्रजीच्या परीक्षेत पास झाली. चांगली पास झाली. तिला त्या वर्गातून काढायला फक्त आईबापाची सही हवी होती. नववीत परत पत्र गेलं, दहावीत परत. सही आली नाही, म्हणून ती आतच राहिली."

फिदेन्सियोला गांधीलमाशी चावल्यासारखं झालं. आधी काहीच नाही, मग सगळीकडून.

"पास झाली होती?"

"हो."

"मग कुणी... एक फोन..."

"करायला हवा होता. आमचंही चुकलं. दोनशे पोरांमागं एक माणूस होता, तोही वैतागून गेला. मला या महिन्यात फाइल सापडली. पण काका, सही का नाही केलीत?"

त्यानं पाकीट काढलं. आतून पत्त्याएवढं लाल कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कोपरे झिजलेले, घामानं रंग उतरलेला. दार उघडू नका. काही बोलू नका. कशावरही सही करू नका.

पोर आठवीत होती त्या वर्षी वसंतात एर्मिनियाचा भाऊ कांदिदो, कागदपत्रं नसलेला, पहाटे कामाला जाताना रस्त्यात सरहद्दीच्या पोलिसांकडून पकडला गेला. डब्यात भाकरी गरम होती म्हणतात. कुणीतरी पुढं कागद केला, कुणीतरी पेन दिलं, आणि कांदिदोनं भल्या माणसासारखी मुकाट्यानं सही केली. तिसऱ्या दिवशी तो सरहद्दीपलीकडून फोन करत होता. सही केली नसती तर वकील मिळाला असता, असं मागून सगळेच म्हणाले. पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात ही लाल कार्डं वाटली, आणि वाटणाऱ्या बाईनं एकेकाकडून पाठ म्हणवून घेतलं. नंतर दोन आठवड्यांनी ते पत्र आलं. पोरीचं नाव आणि खाली सहीची जागा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. यानं तर ताकाचं भांडंच पालथं घातलं. पोर तेव्हा तेरा वर्षांची, मामासाठी रडत होती. तिला कशाला दाखवायचं? त्यानं पत्र बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवलं. दुसरं आलं तेव्हा पहिलं लपवलेलं होतं, म्हणून तेही लपवावं लागलं.

मिस सालगादोंनी कार्ड हातात घेतलं. "माझ्या आईच्या पर्समध्येही आहे हे," त्या म्हणाल्या.

"आता करतो मी सही. आत्ता. कुठं करू?"

त्यांनी नवा कागद पुढं केला. पेन चिकट बोटांना चिकटलं. एकेक अक्षर कोरत त्यानं नाव लिहिलं. कागदावर मातीचा आणि साखरेचा अंगठा उमटला. तो पुसायला गेला तर जास्तच पसरला.

"राहू द्या, काका. आजपासून ती त्या वर्गातून मोकळी."

"आणि रसायन? समुद्राकाठची शाळा?"

मिस सालगादोंनी वेळापत्रक उघडलं आणि परत मिटलं. त्यांना तोंडपाठ होतं. "रसायनाला आधी वरचं गणित लागतं. ते दहावीत घेतात. दहावीत त्या तासाला ती बादलीचं चित्र बघत होती. आता वर्ष एकच राहिलंय, आणि एका वर्षात दोन वर्षं बसवता येत नाहीत. मी तीन दिवस बसवून पाहिली. विद्यापीठाला फोनही केला."

"ते काय म्हणाले?"

"नियम आहे म्हणाले. गावातलं दोन वर्षांचं कॉलेज आहे, तिथून पुढं जाता येईल. रस्ता बंद नाही. लांब झालाय."

गावातल्या कॉलेजात गेलेली पोरं फिदेन्सियोला माहीत होती. अर्धी त्याच्याच टोळीत कागद गुंडाळत होती.

"तिला मी सांगू, की तुम्ही सांगता?" मिस सालगादोंनी विचारलं.

"मी सांगतो," तो म्हणाला.

बाहेर पडताना फलकाशी तो पुन्हा थांबला. एकोणतीस, आणि हिरवा बाण. पास झालेली पोर त्या वर्गात अडकून राहिली म्हणून बाण वर गेला होता. एवढं त्याला आता वाचता आलं.

शेतावर परतला तेव्हा त्याच्या ओळीत सेव्हेरो होता. लाउरो गाडीच्या सावलीत कलिंगड खात होता. "आजचा दिवस तुझा नाही," तो बिया थुंकत म्हणाला. "बायकोच्या ओळीला हात लावायचा तर लाव, पण मजुरी तिच्याच नावावर लागेल."

त्यानं हात लावला. एर्मिनियानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, नंतर. ढग आता डोक्यावर आले होते आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. सगळी टोळी घाईनं गुंडाळत होती.

साडेतीनला नेरेइदा शाळेतूनच आली, पाठीवर दप्तर, पायात शाळेचे बूट. दप्तर मांडवाच्या खांबाला टांगून ती बापासमोर बसली आणि कागदाचं दुसरं टोक धरलं.

"सांगा ना, ताता. काय म्हणाल्या?"

"सही केली मी."

"कशावर?"

"त्या वर्गातून काढलं तुला."

"खरं?" तिनं कागद सोडून टाळी वाजवली. शेजारच्या ओळीतली माणसं बघायला लागली. "म्हणजे मला पास केलं! या वेळी पास केलं!"

फिदेन्सियोला वाटलं, इथंच थांबावं. एक रात्र तरी तिला आनंदात झोपू द्यावं. पण शाळा उद्याही होती, आणि मिस सालगादोही.

"या वेळी नाही," तो म्हणाला. "आठवीतच झाली होतीस. पत्र आलं होतं."

नेरेइदा हसतच होती. चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं. "कुठं आलं होतं?"

"घरी. मी ठेवून दिलं. कांदिदोमामाला नेल्यावर आलं, खाली सहीची जागा होती. मला वाटलं... मी घाबरलो, पोरी."

"मी विचारलं होतं तुम्हाला." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शेतावर येताना, गाडीत. पत्र आलंय का, विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नाही."

"हो."

"आणि रसायन?"

त्यानं मान हलवली. वरच्या गणिताचं, एका वर्षात दोन वर्षं न बसण्याचं, मिस सालगादोंनी सांगितलं होतं तसं सगळं त्यानं सांगितलं. एर्मिनियानं तोंडावर पदरासारखं फडकं दाबून धरलं.

"मला वाटायचं, मी ढ आहे," नेरेइदा म्हणाली. "तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मग तिनं कागदाच्या कडा दुमडल्या. "धरा ना," ती म्हणाली, आणि फिदेन्सियोनं दुसरी बाजू धरली. ओळ संपेपर्यंत दोघांनी सत्तर-ऐंशी कागद गुंडाळले असतील. ती एकदाही चुकली नाही. तिनं रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, निदान कागद तरी फेकायला हवा होता. बापाला ते सोपं गेलं असतं.

सहा वाजता शेवटची सुरळी झाली. तेवढ्यात वारा फिरला. चार थेंब पडले, धुळीत खड्डे करून गेले, आणि ढग सगळे डोंगराकडे सरकले. पाऊस आलाच नाही. लाउरोनं आभाळाला आईवरून शिवी दिली. आता सगळे कागद परत उघडायला लागणार होते.

ट्रेलरमध्ये उजेड होता. एर्मिनियानं चुलीवर घेवडा ठेवला. नेरेइदानं हात धुतले, नखं घासून घासून धुतली, आणि मेजाशी बसली.

"डबा आणा, ताता."

त्यानं निळा डबा आणला. आत नेरेइदाचं जावळ, कांदिदोचा फोटो, आणि तळाशी तीन पाकिटं. पहिलं फोडलेलं होतं. बाकीची दोन तशीच चिकटलेली. तिनं ती उलटसुलट पाहिली आणि एकावर एक ठेवली.

मग तिनं पहिलं पत्र काढलं. एका बाजूला इंग्रजी होतं, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. तिनं ते आपल्या बोलीत करून वाचायला सुरुवात केली, म्हणजे आईलाही कळावं. कसलाच आवाज काढला नाही, जाड नाही, नाकातला नाही.

"माननीय पालक, कळवायला आनंद वाटतो की तुमची मुलगी नेरेइदा इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम रीतीनं पास झाली आहे. तिला आता या वर्गाच्या मदतीची गरज राहिलेली नाही. तुमची संमती असेल तर खाली सही करा. काही शंका असली तर शाळेत या. आम्ही तुमची वाट बघू. तुमच्या मुलीचं अभिनंदन, आणि तुमचंही."

घेवडा खदखदत होता. एर्मिनिया डोळे पुसत म्हणाली, "तुझ्या बापाला काय ठाऊक गं, बाई. भीतीनं माणूस..."

नेरेइदानं दुसरं पाकीट नखानं फोडलं. घडी उलगडली, मेजावर तळव्यानं सपाट केली. "माननीय पालक, कळवायला आनंद वाटतो की तुमची मुलगी नेरेइदा..." शेवटच्या अभिनंदनापर्यंत वाचलं. एक शब्द गाळला नाही.

फिदेन्सियो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. हात धुवायचं त्याला सुचलं नव्हतं. खिडकीत ती बरणी होती, तळाशी खपली धरलेली. तो बरणीकडे बघत राहिला.

तिनं तिसरं पाकीट उचललं.

"पुरे आता, पोरी," एर्मिनिया म्हणाली. "तेच असेल त्यात."

"तारीख वेगळी आहे, माय," नेरेइदा म्हणाली, आणि पाकीट फोडून पहिल्या शब्दापासून वाचू लागली.